ओल्या माळवदाखालचा श्वास

हे प्रकरण सरावासाठी रचलेलं आहे. गाव, कुटुंब आणि घड्याळाच्या वेळा कल्पित आहेत. घर, माती आणि रडारचं वागणं मात्र जसं असतं तसंच घेतलंय. ढिगाऱ्याखालची माणसं रडारने शोधण्याविषयी जे लिहिलं जातं, ते बहुतेक वेळा सिमेंटच्या स्लॅबविषयी असतं. लातूर-धाराशिवकडच्या औसा, निलंगा, लोहारा, उमरगा या पट्ट्यात आजही माणसं माळवदाखाली, म्हणजे लाकडावर माती टाकलेल्या सपाट छपराखाली, निजतात आणि भिजलेलं माळवद रडारला कोरड्या स्लॅबपेक्षा कितीतरी जड जातं. म्हणून हे घर निवडलं.

घर

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, पाच दिवसांची झड. पहाटे चारच्या सुमारास औसा तालुक्यातल्या एका गावात सहा खणांचं (खण म्हणजे खांबांमधली जागा) घर बसलं. घरात सात माणसं. ओसरीच्या बाजूची पाच बाहेर पडली. मागच्या खोल्यांत आज्जी, वय ७२, आणि नात, वय ६, अडकल्या. ढाळजेत, म्हणजे दाराजवळच्या पडवीत, दोन शेळ्या बांधलेल्या होत्या.

भिंत ७५ सेंटिमीटर जाड. बाहेरून दगडाचा एक थर, आतून एक, आणि मध्ये चिखल व दगडगोटे. दोन्ही थर एकमेकांना धरून ठेवणारे आरपार दगड घातलेले नाहीत. पाणी मुरलं की मधला चिखल फुगतो, भिंतीला पोट सुटतं आणि एक दिवस बाहेरचा थर बाहेर, आतला आत असा ढासळतो. वर लाकडी खांब, तुळया, किलचनं (तुळयांवरच्या बारीक फळ्या) आणि त्यावर माती. दर उन्हाळ्यात गळती थांबवायला मातीचा नवा हात फिरतो आणि जाडी वाढत जाते. मागच्या ६ × ४ मीटरच्या भागावर सरासरी अर्धा मीटर माती धरली तर ती १२ घनमीटर होते. कोरडी असताना साधारण १९ टन, भिजल्यावर २३ ते २४ टन.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंपाने झोपलेल्या माणसांवर अशीच घरं पडली. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी झालेली. लातूर आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यांतली ५२ गावं जमीनदोस्त झाली, सुमारे दहा हजार माणसं गेली. तेव्हाचं नुकसान धक्क्याइतकंच या वजनाने केलं. पुनर्वसनाच्या गावांत घरं बदलली, पण पुनर्वसनाबाहेरच्या गावांत जुनी घरं राहिली. आज ती पडायला भूकंपही लागत नाही, एक लांबलेली झड पुरते.

शोधाच्या दृष्टीने यातली एक गोष्ट फार महत्त्वाची. स्लॅब पडला की तो तिरका अडकतो आणि खाली पोकळी राहते. माती तशी अडकत नाही, ती वाहते आणि प्रत्येक फट भरून काढते. माळवदाच्या घरात जगण्यापुरती हवा राहते ती जवळजवळ फक्त लाकडाच्या आडोशाला: उभ्या राहिलेल्या खांबाशी टेकलेल्या तुळईखाली, दाराच्या चौकटीत, बळदाच्या (घरातल्या धान्याच्या कोठाराच्या) कुशीत. म्हणजे शोधायच्या जागा थोड्याच असतात आणि त्या घरच्या माणसांना ठाऊक असतात.

रडार उघडण्याआधी

बचाव पथक ७:४० ला पोचलं. तोवर गावकऱ्यांनी पाटी-फावड्याने ओसरीकडची माती ओढायला घेतली होती आणि एक जेसीबी ढिगाऱ्याला भिडण्याच्या बेतात होता. त्याला आधी थांबवलं. जेसीबीचा पंजा एका खांबाला लागला तर उरलेली तुळई खाली येते आणि असलेली पोकळीही मिटते. यंत्र कडेची काढलेली माती लांब नेण्यासाठी वापरायचं, ढिगाऱ्यावर चढवायचं नाही. डीपीवरून वीज बंद करवली. सिलिंडर कुठे होता ते विचारून घेतलं.

मग सुनेला एका बाजूला घेऊन बसवलं. पथकातल्या बाईंनी विचारलं, "ताई, आज्जी रोज कुठं निजतात?"

"बळदाच्या खणात. बळदाला पाठ लावून. पोरगी आज्जीपाशीच असती, पण रात्री पाणी गळायलं म्हणून तिला मधल्या खणात, तुळईखाली हलवली हुती."

या उत्तराने ८० चौरस मीटरच्या ढिगाऱ्यातून दोन जागा निघाल्या. वहीवर घराचा नकाशा काढला, दार कुठे, खांब कुठे, बळद कुठे, दाराच्या उंबऱ्यापासून किती पावलं. तो ढिगाऱ्यावर उतरवून दोन काठ्या रोवल्या. आणखी दोन प्रश्न विसरू नयेत असे: कुणी पाहुणा मुक्कामी होता का, आणि जनावरं किती होती? दुसऱ्या उत्तराचा उपयोग पुढे होईल.

हे वगळून थेट यंत्र लावलं तर काय होतं? अँटेनाचा झोत साधारण ६० अंशांचा धरला तर ३ मीटर खोलीवर तो साडेतीन मीटर रुंद होतो. ८ × १० मीटरच्या ढिगाऱ्यावर दर २ मीटरला ठेवत गेलं तर २० जागा होतात. प्रत्येक जागेला हलवण्यासह तीन मिनिटं म्हणजे एक तास. तो तास पोरीच्या हवेतून जातो.

यंत्र काय ऐकतं

रडार श्वासाचा आवाज ऐकत नाही. ते छाती किती हलली हे पाहतं. श्वासागणिक छाती ४ ते १२ मिलिमीटर हलते, मोठ्या माणसाची मिनिटाला १२ ते २० वेळा. हृदयाचं स्पंदन कातडीवर अर्ध्या मिलिमीटरच्याही आत उमटतं. ढिगाऱ्यातून परतणाऱ्या हजार प्रतिध्वनींपैकी जो या लयीत हलतो तेवढा वेगळा काढायचा, बाकी सगळं स्थिर म्हणून वजा करायचं, एवढंच काम.

अडचण तरंगलांबीत आहे. पथकाकडचं यंत्र ४५० मेगाहर्ट्झच्या आसपासचं, रुंद पट्ट्याचं, म्हणजे हवेत तरंगलांबी ६७ सेंटिमीटर. छाती ५ मिलिमीटर हलली तर परतलेल्या लहरीची कला (फेज) जेमतेम साडेपाच अंश सरकते. २४ गिगाहर्ट्झच्या मॉड्यूलमध्ये हाच श्वास २८८ अंश दाखवतो. म्हणूनच अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रकल्पांत २४ किंवा ६० गिगाहर्ट्झची स्वस्त मॉड्यूलं टेबलावर सुरेख आलेख काढतात. चादरीतून, पातळ फळीतून ती बघतात. ओल्या मातीच्या दहा सेंटिमीटरलाही ती आंधळी होतात. ढिगाऱ्यासाठी खालचीच वारंवारता हवी, आणि तिचा साडेपाच अंशांचा क्षीण संकेत सांभाळायचा तर भोवताल कमालीचा स्थिर हवा. शांततेवर एवढा भर त्यासाठीच.

मातीचा हिशेबही मांडून ठेवावा. अंदाजासाठी एक सोपं सूत्र चालतं: मातीची विद्युतवाहकता मिलीसीमेन्स प्रतिमीटरमध्ये घ्यायची, तिला १.६४ ने गुणायचं आणि मातीच्या विद्युतांकाच्या (माती लहरीला किती हळू करते त्याच्या मापाच्या) वर्गमुळाने भागायचं. उत्तर दर मीटरला किती डेसिबल घट ते देतं. कोरड्या मातीला वाहकता ५ आणि विद्युतांक ४ धरला तर घट ४.१ डेसिबल. १.२ मीटर थरातून जाऊन-येऊन सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहातला एक भाग परत येतो. भिजलेल्या चिकण मातीला ८० आणि १६ धरा. घट जवळपास ३३ डेसिबल प्रतिमीटर. तोच १.२ मीटरचा थर, जाऊन-येऊन ७९ डेसिबल, म्हणजे आठ कोटींतला एक भाग. थर अर्धा मीटर उरला तर ३३ डेसिबल, दोन हजारांतला एक. पुढचं सगळं प्रकरण या तीन आकड्यांवर चालतं.

ओळखीचा श्वास

ढिगाऱ्यावर पहिलं मोजमाप घेण्याआधी पथकाने एक चाचणी घेतली. आमच्या मते ही चाचणी न करता रडार वापरूच नये. मागच्या अंगाला भिंतीचा एक तुकडा उभा होता. त्याच्या एका बाजूला गावातला एक तरुण आडवा निजवला, दुसऱ्या बाजूला यंत्र टेकवलं. ४० सेकंदांत पडद्यावर मिनिटाला १६ आले. तरुणाचे श्वास हाताने मोजले, तेही १६. मग त्यालाच बाहेर घसरलेल्या माळवदाच्या मातीच्या उंचवट्याआड निजवलं. थर १.२ मीटर. दोन मिनिटं थांबूनही पडदा कोरा.

जिवंत, धडधाकट माणूस समोर असताना यंत्र "कोणी नाही" म्हणतंय. म्हणजे या घरावर, आज, मीटरभर ओल्या मातीवरून घेतलेल्या कोऱ्या पडद्याला काहीच अर्थ नाही. ही गोष्ट वहीत पहिल्या ओळीला लिहिली आणि पथकातल्या प्रत्येकाला वाचून दाखवली. हे माहीत नसेल तर साडेआठ वाजता ढिगाऱ्यावर यंत्र ठेवून नऊ वाजता "आत जीव नाही" असं कोणीतरी म्हणतं, आणि मग जेसीबीला अडवायला कारण उरत नाही.

दगडी भिंत मात्र रडारला वाट देते. दगडात पाणी मुरत नाही, ढासळलेल्या दगडांत फटी राहतात. म्हणून वरून बघणं सोडलं आणि ढाळजेच्या दारातून आडवं बघायचं ठरवलं.

शांतता

शिट्टीची खूण सगळ्यांना आधी सांगितली. एक लांब शिट्टी, तीन सेकंद: काम बंद, शांत उभे राहा. एक लांब, एक छोटी: काम सुरू. एकेक सेकंदाच्या तीन छोट्या: पळा, ढिगारा सोडा. हीच खूण जगभरातली शोधपथकं वापरतात, त्यामुळे पुण्याजवळच्या सुदुंबऱ्याहून राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी मागाहून आली तरी गोंधळ होत नाही.

जनरेटर बंद. मोबाइल विमान अवस्थेत. सगळी माणसं १५ मीटर मागे. यंत्र दारातल्या दगडांवर घट्ट टेकवून चालक टॅब घेऊन स्वतःही मागे गेला, कारण अँटेनाच्या पाठीमागूनही थोडी लहर सुटते आणि चालकाचा स्वतःचा श्वास पडद्यावर येतो. आडवं बघताना आणखी एक चूक हमखास होते: झोत घराच्या पलीकडे जातो आणि मागच्या बोळात उभी बघी मंडळी "सापडतात". म्हणून पलीकडचे २० मीटरही रिकामे केले.

तरी पहिल्या मोजमापात मिनिटाला १८ ची लय आली आणि लगेच तुटली. गळतीसाठी माळवदावर टाकलेला एक पत्रा अर्धा ढिगाऱ्यात रुतून अर्धा वाऱ्यावर हलत होता. पत्र्याचा त्रास दुहेरी असतो. हलला की श्वासासारखा दिसतो, आणि त्याच्या आड जे आहे ते पूर्ण झाकतो, कारण धातूतून लहर जातच नाही. ताडपत्री चालते, पत्रा नाही. पत्रा हाताने अलगद ओढून काढला. यंत्रावर प्लास्टिक धरलं, कारण पावसाचे थेंब झाकणावर पडले तरी गडबड होते.

शेळ्या

८:३५ ला स्वच्छ संकेत: मिनिटाला २४, अंतर दीड मीटर. आणि त्यामागे ३ मीटरच्या सुमारास तसाच २४, फिकट.

२४ म्हणजे कोण? शेळी मिनिटाला १५ ते ३० श्वास घेते, म्हैसही त्याच टप्प्यात येते. सहा वर्षांचं मूल २० ते ३०. यंत्राला माणूस आणि जनावर यांतला फरक लयीवरून करता येत नाही, आणि ज्या गावात माणसं-जनावरं एकाच छताखाली राहतात तिथे तो प्रश्न रोजचा आहे. "वेग जास्त आहे, जनावर असेल" म्हणून संकेत सोडून देणं ही सगळ्यांत महाग चूक, कारण लहान मुलं नेमकी त्याच वेगात श्वास घेतात.

मागचा फिकट २४ हा पहिल्याचाच पडसाद असावा, कारण लय तीच आणि चढ-उतारही बरोबरीने. लहर शेळीवरून भिंतीला, भिंतीवरून पुन्हा यंत्राकडे आली की असं भूत उमटतं. पण खात्री एकाच उपायाने होते. दारातले दगड हाताने काढून शेळ्या बाहेर काढल्या, दोन्ही जिवंत. घरच्यांनी दोनच सांगितल्या होत्या. पुन्हा लांब शिट्टी, पुन्हा मोजमाप, या वेळी पूर्ण ६० सेकंद. २० सेकंदांच्या मोजमापात मिनिटाला तीन श्वासांचा फरकच जेमतेम कळतो, ६० सेकंदांत एकाचा कळतो.

२४ गेला. मधल्या खणाएवढ्या अंतरावर मिनिटाला २२ उरला. आधी तो शेळ्यांच्या संकेताखाली दबला होता.

एका जागेवरून रडार फक्त अंतर सांगतं, दिशा नाही. त्या अंतरावरच्या कमानीवर माणूस कुठेही असू शकतो. यंत्र दाराच्या डाव्या कोपऱ्यात आणि उजव्या कोपऱ्यात ठेवून आणखी दोन मोजमापं घेतली आणि वहीतल्या नकाशावर तीन कमानी काढल्या. त्या काठीपासून दीड हातावर मिळाल्या. सुनेने सांगितलेली तुळई.

दारातून आत ६० सेंटिमीटर रुंद बोळ काढत, दर हातभर पुढे गेल्यावर १० × १० सेंटिमीटरच्या लाकडाचे टेकू आणि दोन्हीकडून पाचरी मारत पथक आत गेलं. १०:३५ ला मुलगी बाहेर आली. गारठलेली होती, पाय मोकळे होते.

बळदाचा खण

तिथे वरून घेतलेली दोन्ही मोजमापं कोरी. माती १.३ मीटर. ओळखीच्या श्वासाच्या चाचणीमुळे कोऱ्या पडद्याचा कोणी विश्वास धरला नाही. सुनेचं बोलणं आणि बळदाची जागा यांवर माती काढायला घेतली. २ × दीड मीटरचा भाग, ८० सेंटिमीटर खोल. म्हणजे २.४ घनमीटर, पावणेपाच टन ओली माती, १५ किलोच्या घमेल्याने ३०० च्या वर घमेली. गावातली बारा माणसं साखळी करून उभी राहिली, मिनिटाला तीन घमेली. खणणारे फळ्यांवर उभे, म्हणजे वजन एका जागी येत नाही. दर ४० सेंटिमीटर माती निघाली की शिट्टी, शांतता, ६० सेकंद.

पहिल्या ४० ला काही नाही. दुसऱ्याला, खाली अर्धा मीटर उरला असताना, मिनिटाला २६ ची उथळ लय. अंतर २.६ मीटर.

इथे पडद्यावरच्या आकड्यावर जसाच्या तसा विश्वास ठेवला तर काम फसतं. त्या जागेवरून घराची जमीन जेमतेम १.२ मीटर खाली होती. २.६ मीटरवर माणूस म्हणजे जमिनीच्या पोटात! यंत्र लहरीचा वेग हवेतला धरून अंतर काढत होतं. ओल्या मातीत, विद्युतांक १६ असेल तर, लहर चौपट हळू चालते. अर्धा मीटर माती यंत्राला २ मीटर वाटते. उरलेले ०.६ मीटर म्हणजे मातीखालची खरी पोकळी. खरं अंतर १.१ मीटर, जमिनीलगत. बळदाची भिंत आणि पडलेली तुळई यांच्यामध्ये, जिथे आज्जी निजत होत्या तिथेच. यंत्रात ढिगाऱ्याचा प्रकार निवडायची सोय असते. पण "कोरडा राडारोडा" आणि "ओली माती" हे एकाच ढिगाऱ्यात हातभर अंतरावर असतात, म्हणून ही वजाबाकी कागदावर करावी.

शेवटचा अर्धा मीटर फावडं बाजूला ठेवून हातांनी काढला. नळीवरचा कॅमेरा आत घातला तेव्हा आज्जींचा हात दिसला, बोटं हलत होती. उजवी मांडी तुळईखाली होती, पहाटेपासून नऊ तास. तुळई लगेच उचलायची नाही. दाबलेल्या स्नायूतलं पोटॅशियम एकदम रक्तात येतं आणि माणूस बाहेर काढल्यावर मिनिटांत जातो. ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरबाईंनी आतच हाताला सलाइन लावलं, साधं, तासाला एक लिटरच्या वेगाने, पोटॅशियम असलेलं रिंगर लॅक्टेट नाही. वय पाहून छाती तपासत राहिल्या. मग दोन बाजूंनी जॅक आणि पाचरी लावून तुळई बोटभर उचलली.

२०१५ च्या एप्रिलमधल्या भूकंपानंतर नेपाळच्या चौतारा गावात नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत घडलेल्या फाइंडर या रडारने विटा-माती-लाकडाच्या तीन मीटरपर्यंतच्या ढिगाऱ्याखालची चार माणसं दाखवली. माती-दगडाच्या घरांत रडार चालतं, याचा तो भक्कम पुरावा. तिथला तीन मीटर आकडा उचलून इथल्या सप्टेंबरातल्या माळवदाला लावणं मात्र घातक आहे. उन्हाळ्यात तेच घर पडलं असतं तर बळदाचा खण वरूनच दिसण्याची शक्यता बरीच होती.

रडार घेण्याचा विचार जिथे चालला असेल तिथे आमचा आग्रह एवढाच. यंत्राबरोबर पावसाळ्यात, भिजलेल्या पडक्या माळवदावर दोन दिवसांचा सराव ठेवा. किल्लारीच्या आसपास अशा पडक्या भिंती मिळतील. भिंतीआड माणूस निजवून किती सेंटिमीटरला संकेत जातो ते जूनमध्ये एकदा आणि सप्टेंबरात एकदा मोजा, आणि तो आकडा यंत्राच्या पेटीच्या झाकणावर आतून चिकटवा. पेटीत वही, खडू, दोन शिट्ट्या, वीस मीटर टेप आणि प्लास्टिकचा तुकडा ठेवा. टेकूचं लाकूड तालुक्याच्या ठिकाणी आधीच कापून ठेवा. पहाटे चारला वखार उघडी नसते.

दुपारी दीडला सातही नावांवर खूण झाली. ढिगारा मोकळा केल्याची नोंद पथकप्रमुखांनी त्या यादीवरून केली. पडद्याचा रकाना त्यांनी रिकामा ठेवला.